‘नो-मॅप’ म्हणजे जास्त कडक रिझर्व्हेशन नव्हे

डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डवरचं हार्डवेअर कर्नलला सांगणाऱ्या फाइलच्या) ‘रिझर्व्ह्ड-मेमरी’ नोडमध्ये पत्ता आणि आकार लिहिला, की लिनक्स कर्नल तेवढी फिजिकल मेमरी बाजूला ठेवतो आणि पेज अ‍ॅलोकेटर ती कुणाला देत नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

गोंधळ होतो तो त्याच नोडमध्ये लिहिल्या जाणाऱ्या ‘नो-मॅप’पाशी. साध्या रिझर्व्हेशनवर मारलेलं आणखी एक कुलूप समजून लोक ही प्रॉपर्टी सरसकट लावतात. पण मेमरी कुणाला द्यायची नाही हा एक प्रश्न, आणि कर्नलच्या पेज टेबलमध्ये (कोणत्या व्हर्च्युअल पत्त्यामागे कोणती फिजिकल मेमरी, हे सांगणाऱ्या तक्त्यात) ती दिसावी का हा दुसरा. ‘नो-मॅप’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

नुसती रिझर्व्ह केलेली मेमरी कर्नलच्या लिनियर मॅपमध्ये, म्हणजे रॅमच्या कायमच्या सरळ मॅपिंगमध्ये, असतेच, आणि तिथलं मॅपिंग कॅशेबल असतं. तुमच्या कोडने तिथला एकही बाइट वाचला नाही, तरी प्रोसेसर स्पेक्युलेशनच्या (पुढे काय लागेल याच्या अंदाजाच्या) भरात तिथली कॅश लाइन ओढून आणू शकतो. तो भाग ट्रस्टझोनमधल्या (आर्म प्रोसेसरच्या राखीव, सुरक्षित कप्प्यातल्या) फर्मवेअरच्या ताब्यात असेल तर बस एरर येते आणि कर्नल कोसळतो. कोसळतो तोही भलत्याच ठिकाणी: स्टॅक ट्रेसमध्ये तुमच्या ड्रायव्हरचं नावसुद्धा नसतं, आणि माणसं आठवडेच्या आठवडे चुकीच्या कोडमध्ये बग शोधत बसतात. अशा मेमरीला ‘नो-मॅप’ हवंच, तिथे तडजोड नाही. कॅश कोहेरंट नसलेल्या दुसऱ्या प्रोसेसरशी वाटून घेतलेल्या बफरलाही मी ते लावतो. एकाच मेमरीचं एक मॅपिंग कॅशेबल आणि दुसरं अनकॅश्ड असेल, तर जुना डेटा हाती येण्याची भीती कायम राहते.

याच्या उलट चूक, म्हणजे गरज नसताना ‘नो-मॅप’ लावणं, मला जास्त खटकते. ६४-बिट आर्मवर साध्या रिझर्व्ह केलेल्या मेमरीवर ‘आयओरिमॅप’ (हार्डवेअरची रजिस्टरं मॅप करणारं फंक्शन) चालवलं, की वॉर्निंग येते आणि हाती नल, म्हणजे रिकामा पत्ता, पडतो, कारण कर्नलच्या लेखी ती अजून रॅमच असते. मग कुणीतरी सुचवतं, ‘नो-मॅप’ टाका. टाकलं की चालतं, आणि तोच उपाय पुढच्या दहा बोर्डांवर कॉपी होतो. रॅमसाठी ‘मेम-रिमॅप’ हे वेगळं फंक्शन आहे. राइट-बॅक (नेहमीचं कॅशेबल) मॅपिंग मागितलं तर ते लिनियर मॅपमधलाच पत्ता परत देतं. ‘आयओरिमॅप’ रजिस्टरांसाठी ठेवा. शिवाय ‘नो-मॅप’ लावल्यावर फिजिकल पत्त्यावरून थेट व्हर्च्युअल पत्ता काढणारा कोड हमखास फॉल्ट देतो, कारण त्या पत्त्यामागे मॅपिंगच उरलेलं नसतं.

याच नोडमधल्या ‘रियुजेबल’ या दुसऱ्या प्रॉपर्टीचं प्रकरण सोपं आहे. ती सीएमएची, म्हणजे सलग मेमरी देणाऱ्या कर्नलमधल्या व्यवस्थेची, वाट; सीएमए २०१२ साली कर्नल ३.५ मध्ये आलं. ड्रायव्हरला गरज नसेल तेव्हा हलवता येणारी पानं तिथे राहतात, मागणी आली की दुसरीकडे जातात. वापरायची तर मॅपिंग लागणारच, म्हणून ‘रियुजेबल’ आणि ‘नो-मॅप’ एकाच नोडमध्ये लिहिणं अवैध आहे. तरीही दोन्ही एकत्र लिहिलेल्या फाइली दिसतात.

आपल्या बोर्डवर नेमकं काय झालंय हे पाहायला ‘प्रॉक’मधली ‘आयओमेम’ फाइल रूट म्हणून उघडा. दोन्ही प्रकारांपुढे ‘रिझर्व्ह्ड’ असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे नावावर जाऊ नका, समास पाहा. ६४-बिट आर्मवर साधं रिझर्व्हेशन ‘सिस्टिम रॅम’च्या पोटात, आत सरकलेलं दिसतं. ‘नो-मॅप’चा भाग बाहेर, स्वतंत्र ओळीवर असतो.