चॉकलेट बरं, पण खारी बिस्किटं?

गेल्या ऑक्टोबरात धाकट्या बहिणीचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. मागे ओट्यावर ३१ तारखेच्या हॅलोविनची तयारी मांडलेली. त्या संध्याकाळी चेटकिणी-सांगाड्यांचे वेश केलेली पोरं दारोदार ‘ट्रिक ऑर ट्रीट’ ओरडत फिरतात आणि पिशवीभर गोळ्या-चॉकलेटं घरी आणतात. ‘दादा, यंदा चॉकलेट बंद. सगळं हेल्दी,’ असं म्हणत तिने खाऱ्या बिस्किटांच्या पुड्या आणि ‘खऱ्या फळांच्या रसाच्या’ गमीज, म्हणजे जेलीसारख्या चिवट गोळ्या, दाखवल्या. मी म्हटलं, चॉकलेटच परवडलं असतं.

रसाच्या गमीजचं आधी उरकतो. फळांचा रस आटवून उरते ती साखरच, आणि आंबट गमीजमध्ये वर सायट्रिक आम्लही असतं. पुडीवर संत्र्याचं चित्र छापलं म्हणून दाताला काही फरक पडत नाही.

आता बिस्किटं. दातावर जो मऊ थर बसतो त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जिवाणू असतात. साखर मिळाली की ते तिचं लॅक्टिक आम्ल करतात. दंतसंशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात हा प्रकार मोजला. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांतच या थराचा सामू (pH, जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७च्या आसपासून ५च्या जवळ उतरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. सामू दोनने उतरणं म्हणजे आम्लता शंभरपट.

धोक्याची रेषा साधारण ५.५ची, सामू त्याखाली गेला की दात विरघळू लागतो. ती तिथेच का, हे मला फार आवडतं. खडीसाखरेचा खडा पाण्यात टाकला तर विरघळतो. घट्ट पाकात टाकला तर तसाच राहतो, उलट वाढतोसुद्धा. दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, हे हायड्रॉक्सीॲपेटाइटचे स्फटिक, Ca₁₀(PO₄)₆(OH)₂ असं ज्याचं सूत्र लिहितात ते, आणि लाळ हा त्यांचा पाक. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की स्फटिकाला विरघळायचं कारणच उरत नाही. आम्ल वाढलं की त्यातले हायड्रोजन आयन (विद्युतभार असलेले कण) हायड्रॉक्साइडला पकडून त्याचं पाणी करतात आणि फॉस्फेटला चिकटून त्याचं हायड्रोजन फॉस्फेट करतात. स्फटिकाला लागणारे आयन द्रावणातून असे कमी झाले की पाक पातळ होतो आणि ती तूट दात भरून काढतो. सामू वर आला की गाडी उलटी फिरते, खनिजं परत बसू लागतात. दात किडणं म्हणजे या येण्याजाण्याचा हिशेब तोट्यात जाणं. त्यात किडा कुठेच नसतो, भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘कीड पाडून’ दाखवणारे काहीही म्हणोत.

म्हणजे प्रश्न किती गोड याच्याइतकाच किती वेळ आणि किती वेळा हाही आहे. १९९१मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी २१ पदार्थ लोकांना खायला देऊन दातांवर किती उरतं ते मोजलं. लोकांना चिकट वाटलेले पदार्थ आणि खरोखर चिकटून राहिलेले पदार्थ यांचा मेळ बसला नाही. कॅरमेल, मिल्क चॉकलेट लवकर निघून गेलं. कुकीज, क्रॅकर्स आणि बटाट्याचे वेफर्स मात्र ठाण मांडून बसले. शंकरपाळं खाऊन पाच मिनिटांनी दाढेच्या खाचेवरून जीभ फिरवा, तिथे लगदा सापडेल. त्यातल्या स्टार्चचं लाळेतलं ॲमिलेज हे पाचक द्रव्य माल्टोज नावाची साखर करतं आणि जिवाणूंची जेवणावळ चालू राहते. २०२४ साली दिवाळी आणि हॅलोविन एकत्रच आले, तेव्हा तिकडच्या मराठी पोरांच्या दाढांना दोन्हीकडचा फराळ मिळाला असणार.

‘किती वेळा’चं उत्तर स्वीडनमध्ये लुंडच्या विपेहोल्म रुग्णालयात १९४०च्या दशकात मिळालं, तेही लाज वाटावी अशा रीतीने: बौद्धिक अक्षमता असलेल्या, संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून. जेवणासोबत साखर दिली तर कीड फारशी वाढली नाही, जेवणांच्या मधे टॉफ्या दिल्या तर भराभर वाढली. म्हणून बहिणीला सांगितलं, पोरांना हवं ते रात्रीच्या जेवणाला लागूनच खाऊ दे, तेव्हा लाळही भरपूर सुटलेली असते. मग दात घासायचे. ती पिशवी दोन आठवडे येता-जाता चिवडत बसणं वाईट. अर्थात दात सांभाळले म्हणून साखरेला मोकळं रान नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन दोन वर्षांवरच्या मुलांसाठी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. आणि चारच्या आतल्या पोरांना कडक गोळ्या किंवा पॉपकॉर्न देऊ नये, घशात अडकतं.

‘पण साखरेने पोरं पिसाळतात ना?’ हा तिचा पुढचा प्रश्न. १९९४च्या एका प्रयोगात आयांना सांगितलं की मुलांना साखर दिली आहे. दिलं होतं ॲस्पार्टेम, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोडवा. तरी त्यांना आपली मुलं जास्त दंगेखोर दिसली. पोरं हॅलोविनच्या रात्री धिंगाणा घालतात, कारण भुताचा वेश करून अंधारात गावभर फिरायला मिळतं.

खाऊच द्यायला हवा असंही नाही. अमेरिकेत कनेटिकटमध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी हॅलोविनच्या रात्री २८४ मुलांपुढे गोळ्या आणि छोटी खेळणी असे दोन्ही ताट धरले. २००३ साली छापलेला निकाल: जवळपास निम्म्यांनी खेळणं उचललं.

बहिणीने मग अंधारात चमकणाऱ्या कांड्या आणल्या आणि शेजारी छोटी चॉकलेटं ठेवली. खाऱ्या बिस्किटांच्या पुड्या परत न्यायचा तिला कंटाळा आला. त्या, तिच्याच सांगण्यानुसार, नोव्हेंबरभर भावोजींनी चहाबरोबर संपवल्या.