मु. पो. शुक्र, तालुका सूर्यमाला

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या साउथपोर्टमध्ये १९५० साली एका जुन्या बेकरीत शुक्र ग्रह तयार होत होता. फ्रँक हॅम्पसन हा चित्रकार आणि त्याचे सहकारी तिथे यानांचे छोटे नमुने बनवत, एकमेकांनाच पात्रांच्या पोझमध्ये उभं करून फोटो काढत आणि त्यावरून एकेक चौकट रंगवत. १४ एप्रिल १९५० ला ‘ईगल’ या कॉमिक्स साप्ताहिकाचा पहिला अंक बाजारात आला आणि त्याच्या सुमारे नऊ लाख प्रती खपल्या. पहिल्याच पानावर होता अंतराळवीर डॅन डेअर. सुरुवातीच्या भागांसाठी विज्ञानाचा सल्ला द्यायला खुद्द विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क होते, म्हणजे काम अगदीच हवेत चाललं नव्हतं.

गोष्ट अशी की पृथ्वीवर अन्नाचा तुटवडा पडलाय आणि शुक्रावर शेती होईल का, हे बघायला मोहीम निघते. तिथे भेटतात ट्रीन: हिरवे, सरड्यांच्या जातकुळीतले, भावनाशून्य. त्यांचा म्होरक्या मेकॉन. प्रचंड डोकं, वाळके हातपाय, आणि बसायला हवेत तरंगणारं आसन. पुढच्या एका कथेत तर हे महाशय पृथ्वीच ताब्यात घेतात.

आज हे वाचताना हसू येतं, पण १९५० साली शुक्रावर कुणाचं घर दाखवणं हा वेडेपणा नव्हता. शुक्राचा व्यास १२,१०४ किलोमीटर, पृथ्वीपेक्षा जेमतेम पाच टक्के कमी. सगळ्या ग्रहांत तो आपल्या सर्वांत जवळ येतो, आणि त्याच्यावर कायमची ढगांची चादर. कितीही मोठी दुर्बीण लावा, पांढऱ्या गोळ्यापलीकडे काही दिसत नाही. मग तर्क सुरू झाला: ढग आहेत म्हणजे पाणी असणार, पाणी आहे म्हणजे दलदल असणार, दलदल आहे म्हणजे झाडंझुडपंही आलीच. स्वांते अर्‍हेनियस या नोबेल विजेत्या रसायनशास्त्रज्ञानेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शुक्राचं असंच दमट चित्र रंगवलं होतं. चित्रकाराला तेवढी फट पुरे झाली.

खरं तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. १९३२ मध्ये माउंट विल्सनच्या वेधशाळेत अ‍ॅडम्स आणि डनहॅम यांना शुक्राच्या प्रकाशात कार्बन डायऑक्साइडच्या खुणा सापडल्या. पाण्याच्या वाफेचा मात्र पत्ता नव्हता. १९४० मध्ये रूपर्ट विल्ट यांनी गणित मांडलं की एवढा कार्बन डायऑक्साइड उष्णता कोंडून धरेल आणि जमीन उकळत्या पाण्यापेक्षाही तापलेली असेल. तरीही १९५५ मध्ये व्हिपल आणि मेंझेल यांनी शुक्रावर सोडावॉटरचा महासागर असू शकतो असं सुचवलं, आणि त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी तेलाचे समुद्र सुचवले. कॉमिक्सवाल्यांना नावं ठेवण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं. हॉईल यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, तेही अगदी अनपेक्षित ठिकाणी.

निकाल लावला रेडिओ लहरींनी. त्या ढगांतून आरपार येतात. १९५६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सुमारे तीन सेंटिमीटरच्या लहरींवर शुक्र ‘ऐकला’ आणि तापमान निघालं ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. आकडा पचवायला जड होता, म्हणून काही काळ पळवाटा शोधण्यात गेला. ही उष्णता जमिनीची नसून वरच्या वातावरणाची असेल, असं काहीजण म्हणत. १४ डिसेंबर १९६२ ला मरिनर-२ यान शुक्राजवळून गेलं आणि ती पळवाट बंद झाली. १५ डिसेंबर १९७० ला सोव्हिएत व्हेनेरा-७ प्रत्यक्ष उतरलं आणि २३ मिनिटं क्षीण संदेश पाठवत राहिलं. तापमान ४७५ अंश, हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट. शिसं वितळेल अशा त्या भट्टीत मेकॉनचं तरंगतं आसन काय टिकणार!

मंगळाची गोष्ट थोडी वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त गमतीची.

नोव्हेंबर १९५५ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये डॉ. अर्डेल यांच्या यंत्रामुळे एक हिरवा मंगळवासी चुकून पृथ्वीवर ओढला जातो. हाच पुढे ‘मार्शियन मॅनहंटर’ म्हणून गाजलेला जॉन जॉन्झ. पाहुणा सज्जन आहे, माणसाचं रूप घेऊन गुपचूप गुन्हेगार पकडतो. मंगळाचे काळपट डाग ऋतूनुसार बदलतात, तेव्हा ते खुरट्या वनस्पतींचे पट्टे असावेत, असं त्या वेळी बरेच खगोलशास्त्रज्ञ मानत. १९५७ मध्ये विल्यम सिंटन यांना मंगळाच्या वर्णपटात सेंद्रिय पदार्थांसारख्या रेषाही दिसल्या. त्या प्रत्यक्षात पृथ्वीच्याच हवेतल्या जड पाण्याच्या वाफेच्या होत्या, हे उमगायला १९६५ उजाडलं.

त्याच वर्षी जुलैच्या मध्यात मरिनर-४ मंगळाजवळून गेलं. या यानाच्या पहिल्या छायाचित्राची हकीकत सांगायलाच हवी. प्रत्येक चित्र २०० बाय २०० ठिपक्यांचं, आणि प्रत्येक ठिपक्याची उजळी ० ते ६३ मधल्या एका आकड्यात, म्हणजे सहा बिट्स. एकूण २,४०,००० बिट्स. यानाचा पाठवण्याचा वेग सेकंदाला सव्वाआठ बिट्सच्या आसपास. भागाकार केला की एका चित्राला आठ तास लागतात. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत अभियंत्यांना एवढा धीर कुठला! संगणकातून आकड्यांच्या पट्ट्या छापून येत होत्या. त्यांनी त्या शेजारीशेजारी फळीवर लावल्या, कुठल्या आकड्याला कुठला रंग ते ठरवलं, आणि पेस्टलच्या खडूंनी एकेक आकडा रंगवत सुटले. तपकिरी, पिवळा, लाल. यानाकडून आलेल्या मंगळाच्या जवळच्या दृश्याचं पहिलं चित्र हाताने, आकडे बघून रंगवलेलं आहे. त्या काळी कॉमिक्सची रंगीत पानंही अशीच व्हायची: रंगारी कोऱ्या चित्रावर रंगांचे संकेत लिहून देई आणि छापखान्यातली माणसं त्याबरहुकूम रंग भरत. त्या दिवशी दोन्ही धंदे एकाच पद्धतीने चालले होते.

चित्रांत मात्र हिरवं काही नव्हतं. चंद्रावरच्यासारखी विवरं होती. हवेचा दाब ४ ते ७ मिलिबार निघाला, आपल्याकडे तो समुद्रसपाटीला १०१३ असतो. इतक्या विरळ हवेत पाणी द्रवरूपात टिकतच नाही. १९६९ मध्ये जॉन जॉन्झच्या कथेतही मंगळ उद्ध्वस्त झाला आणि वाचलेल्या जातभाईंच्या शोधात तो पृथ्वी सोडून निघून गेला. लेखकांनी मरिनरचे अहवाल वाचले होते की नाही, कोण जाणे, पण मु. पो. मंगळ हा पत्ता आता पत्रं पोचण्याजोगा उरला नव्हता.

या बाबतीत सगळ्यांत हुशार निघाले सुपरमॅनचे जनक, जेरी सीगल आणि जो शुस्टर. १९३८ च्या पहिल्या कथेत त्यांनी सुपरमॅनच्या जन्मग्रहाला नावही दिलं नाही. तो म्हातारपणाने नष्ट झाला, एवढं सांगून मोकळे झाले. ग्रहच नाही म्हटल्यावर कुठलं यान जाऊन तपासणार? सुपरमॅनच्या ताकदीचं स्पष्टीकरण मात्र त्यांनी पहिल्याच फटक्यात दिलं: मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट ओझं उचलते, नाकतोडा केवढी उडी मारतो, मग माणसासारखा दिसणारा हा प्राणी का नाही?

इथे गणित आडवं येतं. मुंगी तिच्या वजनाच्या पन्नासपट उचलते असं धरू. पाच मिलिमीटरची मुंगी ३०० पट मोठी केली की ती दीड मीटरची झाली. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीच्या छेदावर, म्हणजे क्षेत्रफळावर ठरते. ती ३०० चा वर्ग, म्हणजे ९०,००० पट वाढली. वजन मात्र घनफळाने वाढतं: ३०० चा घन, दोन कोटी सत्तर लाख पट! वजनाच्या मानाने ताकद ३०० पटीने घटली. आता ती पन्नासपट सोडाच, स्वतःच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढंच उचलू शकेल. म्हणजे उभीच राहणार नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये हाडांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं, आणि पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये सामान्य वाचकांना ते फार सुंदर समजावून सांगितलं. साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर अमेरिकी कॉमिक्समध्ये इमारतींएवढ्या परग्रही राक्षसांची लाट आली होती. त्यातला दुसऱ्या ग्रहावरून आलेला झाडासारखा ग्रूट १९६० चा. त्या सगळ्यांचे गुडघे याच गणिताने मोडतात.

सुपरमॅनच्या ग्रहाचा पत्ता लागायला २०१२ उजाडलं. प्रकाशकांच्या विनंतीवरून खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी त्यासाठी एक खरा तारा निवडून दिला, एलएचएस २५२०, पृथ्वीपासून २७.१ प्रकाशवर्षं दूरचा लाल खुजा तारा. तो आहे आपल्या हस्त नक्षत्राच्या भागात. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण हस्ताचे चार ठळक तारे दिसले की दिशा कळते.

बाकीच्यांनीही मग सूर्यमाला सोडलीच. १९५८ मध्ये अ‍ॅडम स्ट्रेंजच्या कथांत रॅन हा ग्रह आला, अल्फा सेंटॉरीजवळचा. हा तारा म्हणजे आपला मित्र. मे महिन्यात कोकणातून किंवा गोव्यातून रात्री दक्षिण क्षितिजाजवळ सहज दिसतो. १९६२ मध्ये रूप बदलणारे स्क्रल पृथ्वीवर आले आणि पुढे त्यांचं साम्राज्य देवयानी दीर्घिकेत असल्याचं ठरलं, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर. इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी घरांत पोचलेल्या फ्लॅश गॉर्डनचा माँगो तर १९३४ पासूनच बेवारस, अवकाशात भरकटत पृथ्वीवर येऊन आदळू पाहणारा ग्रह. कुठल्याच ताऱ्याला न बांधलेले असे भटके ग्रह खरोखर असतात, हे गेल्या काही दशकांत दिसून आलंय. माँगोचा नेम चुकून बरोबर लागला म्हणायचा.

पण पत्ता लांब गेला की प्रवासाचा प्रश्न येतो. व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटरने पळतंय. त्या वेगाने मित्र ताऱ्यापर्यंत जायला पाऊण लाख वर्षांहून अधिक काळ लागेल. असं असूनही, आकाशगंगेचं वय बघता, कुणीतरी एव्हाना यायला हवं होतं. हा पेच पडला तोही एका व्यंगचित्राच्या निमित्ताने. १९५० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये रस्त्यांवरचे कचऱ्याचे डबे गायब होत होते आणि उडत्या तबकड्यांच्याही बातम्या जोरात होत्या. अ‍ॅलन डन या व्यंगचित्रकाराने दोन्ही एकत्र केलं: परग्रहवासी तबकडीतून आपल्या ग्रहावर डबे उतरवून घेतायत. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत जेवायला जाताना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांत या चित्राची चेष्टा झाली, विषय बदलला, आणि जेवता जेवता फर्मी एकदम म्हणाले की मग सगळे आहेत तरी कुठे? त्या प्रश्नाला आज फर्मीचा विरोधाभास म्हणतात.

परग्रहावरच्या पाहुण्याचा शोध आता उलट्या टोकानेही चालू आहे. जवळ शोधायचं, पण सूक्ष्म. २० एप्रिल २००५ ला इस्रोने हैदराबादहून एक महाकाय फुगा सोडला. त्याला द्रवरूप निऑनने थंड केलेल्या, आतून निर्वात आणि निर्जंतुक अशा पोलादी नळ्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून आली. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख होते. तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे झाली. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जीवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या आणि अतिनील किरणांना त्या जवळच्या भाईबंदांपेक्षा जास्त पुरून उरत होत्या. एकीचं नाव ठेवलं जॅनिबॅक्टर हॉयली. शुक्रावर तेलाचे समुद्र असावेत म्हणणारे, जीवन अवकाशातून आलं असं मानणारे, नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल!

हे जीवाणू वरून आले की खालून वर गेले? त्यांची जनुकं पृथ्वीवरच्या जातींशी इतकी जुळतात की खालून वर गेले असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. त्यांचं मूळ परग्रहावरचं असल्याचं यातून सिद्ध होत नाही, हे २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोनेही स्पष्ट केलं होतं. खरा परका ओळखायची एक पक्की खूण सांगता येते. अमिनो आम्लांच्या रेणूंची डावी आणि उजवी अशी आरशातल्यासारखी दोन रूपं असतात, आणि पृथ्वीवरची सगळी सजीवसृष्टी प्रथिनं बांधायला डावीच वापरते. उजव्या अमिनो आम्लांची प्रथिनं बांधणारा जीवाणू नळीत सापडला, तर त्याचा पत्ता पृथ्वीवरचा नाही असं म्हणायला भक्कम आधार मिळेल. आजवर तसा एकही हाती लागलेला नाही.