थायरॉइडची गाठ: शस्त्रक्रिया नेमकी कधी?

मानेची सोनोग्राफी केली, तर निदान पाच प्रौढांपैकी एकाच्या थायरॉइडमध्ये गाठ दिसते. वयाबरोबर हे प्रमाण वाढतं. यातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तरी अहवालात गाठीचा उल्लेख आला की 'काढूनच टाका' असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. ही घाई समजण्यासारखी आहे, पण नुसती गाठ आहे हे शस्त्रक्रियेचं कारण होऊ शकत नाही.

आधी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, पाहतात. ते कमी असेल, तर गाठ स्वतःच जादा हार्मोन तयार करत असण्याची शक्यता असते. अशी गाठ क्वचितच कर्करोगाची निघते. सोनोग्राफीत आकारापेक्षा रूप जास्त बोलकं असतं. पाण्याने भरलेली किंवा स्पंजसारखी गाठ सहसा साधी. घन, काळसर, वेड्यावाकड्या कडांची, आत कॅल्शियमचे बारीक कण असलेली, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली गाठ संशयास्पद. अशी गाठ 1 सेंटिमीटरची असली, तरी सुईने पेशी काढून तपासतात.

त्या तपासणीचा निकाल बेथेस्डा पद्धतीच्या सहा वर्गांत येतो. दुसरा वर्ग म्हणजे साधी गाठ. पाचवा आणि सहावा म्हणजे कर्करोगाची दाट शंका किंवा जवळपास खात्री. खरी अडचण तिसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे अनिश्चित निकालाच्या वर्गांत आहे. चौथ्या वर्गातल्या फॉलिक्युलर नावाच्या प्रकारच्या गाठीत साध्या आणि कर्करोगाच्या पेशी दिसायला सारख्याच असतात. पेशी गाठीभोवतीचं आवरण किंवा रक्तवाहिनी फोडून बाहेर पडल्यात का, यावर निदान ठरतं. सुईत पेशी येतात, आवरण येत नाही. म्हणून गाठ असलेला थायरॉइडचा अर्धा भाग निदानासाठीच काढावा लागतो. चौथ्या वर्गात कर्करोगाची सरासरी शक्यता सुमारे 30 टक्के धरतात, म्हणजे बहुतेकांची गाठ शेवटी साधीच निघते. तिसऱ्या वर्गात बरेचदा सुईची तपासणी पुन्हा करतात, किंवा पेशींची जनुकीय चाचणी करतात.

शस्त्रक्रियेची किंमतही लक्षात घ्यायला हवी. थायरॉइडला खेटून स्वरयंत्राची नस जाते. ती दुखावली तर आवाज बसतो. मागे सहसा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांना इजा झाली तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. पूर्ण थायरॉइड काढला की जन्मभर थायरॉइड हार्मोनची गोळी घ्यावी लागते. अर्धाच काढला तर अनेकांना ती लागत नाही, आणि म्हणूनच 'अर्धा काढून भागेल का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दक्षिण कोरियाचा अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे सोनोग्राफीने सरसकट तपासण्या वाढल्या आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कर्करोगाचं निदान 15 पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास तेवढंच राहिलं. जे रोग कधी त्रास देणार नव्हते, त्यांच्यासाठीही हजारोंच्या मानेवर शस्त्रक्रिया झाल्या. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने 1993 पासून वेगळी वाट धरली. 1 सेंटिमीटरपर्यंतचा, कमी जोखमीचा पॅपिलरी कर्करोग (थायरॉइड कर्करोगाचा सर्वांत नेहमीचा प्रकार) असलेल्यांना त्यांनी लगेच शस्त्रक्रिया न करता देखरेखीचा पर्याय दिला. दहा वर्षांत सुमारे 8 टक्के गाठी 3 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वाढल्या. लसिका ग्रंथींत रोग 4 टक्क्यांहून कमी जणांत दिसला. त्यांच्यावर नंतर शस्त्रक्रिया करता आली.

देखरेख सगळ्यांसाठी नाही. गाठ भराभर वाढत असेल, आवाज बदलला असेल, गिळताना किंवा श्वास घेताना अडत असेल, मानेत इतर गाठी लागत असतील, तर वेळ दवडू नये. लहानपणी मानेला किरणोपचार झाले असतील किंवा घरात मेड्युलरी या थायरॉइड कर्करोगाच्या काहीदा आनुवंशिक असणाऱ्या प्रकाराचा इतिहास असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावं. साधी गाठ मोठी होऊन दाबत असेल, तर काही जणांत ती रेडिओलहरींच्या उष्णतेने आक्रसवता येते.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर सर्जन वर्षाला थायरॉइडच्या किती शस्त्रक्रिया करतात हे निःसंकोच विचारा. ज्यांचा हात रोज याच कामावर असतो, त्यांच्याकडे नसेला आणि पॅराथायरॉइडला इजा कमी होते.