वैऱ्यासाठी प्रार्थना की वैऱ्यावर विजय?

युद्ध पेटलं की चर्चमध्ये प्रार्थना होतेच. पेच असतो तो देवाकडे मागायचं काय, याचा. शांतता? आपली पोरं सुखरूप परत यावीत एवढंच? की विजय? या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेत एकच एक उत्तर कधीच नव्हतं.

याचं मूळ बायबलमध्येच आहे. वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं येशू सांगतो. अटकेच्या रात्री तलवार उपसणाऱ्या शिष्याला ती म्यानात घालायला लावतो. पण त्याच्याकडे आलेल्या रोमन शताधिपतीला तो ‘ही नोकरी सोड’ असं म्हणत नाही. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे.

इ.स. २९५. आजच्या अल्जीरियातलं तेबेस्सा. २१ वर्षांच्या माक्सिमिलियानला सैन्यभरतीसाठी उभं केलं होतं. त्याची उंची मोजली गेली, पाच फूट दहा इंच. मी ख्रिस्ती आहे, लढणार नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सैनिकाची खूण म्हणून गळ्यात घालायचा शिशाचा बिल्लाही त्याने नाकारला. सम्राटांच्या पथकांत ख्रिस्ती सैनिक आहेतच की, असं रोमन अधिकाऱ्याने म्हटल्यावर तो उत्तरला, त्यांचं त्यांना ठाऊक. त्याचा शिरच्छेद झाला. माक्सिमिलियान पुढे संत ठरला. पण मला त्या अधिकाऱ्याचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीचे सगळे ख्रिस्ती लोक शस्त्राला शिवतच नसत, ही समजूत त्या एका वाक्याने डळमळते.

त्याआधी जवळपास अर्धशतक ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने याच प्रश्नाला हात घातला होता. ख्रिस्ती लोक सम्राटासाठी लढत नाहीत, हा ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस याचा आरोप होता. ओरिजेन म्हणाला, तुमच्या मंदिरातल्या पुजाऱ्यांचे हात रक्ताने विटाळू नयेत म्हणून तुम्ही त्यांना सैन्यात घेत नाही ना? मग आम्हा सगळ्यांना तसे पुजारी समजा, आम्ही प्रार्थनेने लढतो. युक्तिवाद चतुर आहे. पण ही प्रार्थना कोणासाठी? न्याय्य बाजूने लढणाऱ्यांसाठी, असंही तोच लिहितो. पुढे सगळं सैन्य याच फटीतून आत शिरलं.

३१२ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रोमजवळ मिल्वियन पुलाची लढाई जिंकली, सत्ता ख्रिस्ती धर्माच्या बाजूने झुकली आणि काळ पालटला. दोनच वर्षांनी आजच्या फ्रान्समधल्या आर्लच्या धर्मसभेने, शांततेच्या काळात शस्त्र टाकून देणाऱ्यांना मंडळीबाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीनने बोनिफेस या सेनाधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात कामांची वाटणीच करून टाकली: कोणी प्रार्थनेने अदृश्य शत्रूंशी लढतो, तू दृश्य शत्रूंशी लढ. मात्र हेतू शांततेचाच हवा, युद्ध गरज म्हणूनच. न्याय्य युद्धाचा विचार इथून वाढला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने त्याच्या तीन अटी नेटक्या मांडल्या.

युद्ध न्याय्य ठरलं तरी हात स्वच्छ राहतात असं मात्र मानलं जात नव्हतं. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड घेतलं. त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्याच बिशपांनी जिंकलेल्या सैनिकांना प्रायश्चित्त लावलं. मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. जखमी केलेला जगला की मेला हे माहीत नसेल, तर त्याच्यामागे चाळीस दिवस. आपल्या बाणाने किती मेले हे धनुर्धाऱ्याला कसं कळणार? त्याची सोयही त्या हुकुमात होती.

आणि १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोप दुसरे अर्बन यांनी जाहीर केलं की निव्वळ भक्तिभावाने जेरुसलेम सोडवायला जाणाऱ्याचा तो प्रवासच प्रायश्चित्त धरला जाईल. तीस वर्षांच्या आत हिशोब उलटा फिरला. जे पाप फेडायचं, तेच पाप फेडण्याचं साधन झालं. हा सूर संपलेला नाही. कर्तव्य बजावताना मरणाऱ्या सैनिकाची पापं धुतली जातात, असं रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल २०२२ च्या सप्टेंबरमध्ये म्हणाले, युक्रेनयुद्ध चालू असताना.

नकार देणारेही टिकून राहिले, संख्येने नेहमीच थोडे. मेनोनाइट हा शांततावादी ख्रिस्ती पंथ त्यातलाच. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाने १६६१ च्या जानेवारीत राजा दुसऱ्या चार्ल्सला लेखी कळवलं की कोणत्याही कारणासाठी आम्ही शस्त्र धरणार नाही.

ख्रिस्ती माणसंच समोरासमोर आली की पेच उघडा पडतो. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाकडे एकमेकांविरुद्ध मदत मागतात, दोघांच्याही प्रार्थना फळणं शक्य नव्हतं, असं अमेरिकी यादवी युद्धाबद्दल बोलताना अध्यक्ष अब्राहम लिंकन ४ मार्च १८६५ च्या भाषणात म्हणाले. तरीही पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांच्या पट्ट्यावर ‘देव आमच्यासोबत’ हे शब्द होतेच, आणि समोरच्या खंदकातही पाद्री प्रार्थना करत होते.

ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातलं फॉकलंड युद्ध ब्रिटनने जिंकल्यावर, २६ जुलै १९८२ रोजी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथिड्रलमध्ये उपकारस्तुतीची उपासना झाली. विजयोत्सवाची अपेक्षा असणाऱ्यांना कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी, मेलेल्या अर्जेंटिनी सैनिकांच्या घरच्यांचीही प्रार्थनेत आठवण करायला सांगितली. सत्ताधारी पक्षातले काही खासदार संतापले. दुसऱ्या महायुद्धात रन्सी स्वतः रणगाड्यांच्या पथकात अधिकारी होते, आणि शौर्यासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता.