पिकअपचं तिसरं दार, मग चौथं

अमेरिकेत पिकअप ही मुळात शेतावरची, कामाची गाडी. पुढे एक सलग बाक, मागे माल. दोन दारांत भागायचं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५७ मध्ये ‘ट्रॅव्हलेट’ आणली, तिला मागचा बाक आणि तीन दारं होती. पण असल्या गाड्या मुख्यतः कामगारांची टोळी नेण्यासाठी.

१९७३ मध्ये डॉजने ‘क्लब कॅब’ काढून केबिन जराशी मागे वाढवली. पुढच्याच वर्षी फोर्डची ‘सुपरकॅब’ आली. जागा वाढली, दार नाही वाढलं. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, अंग चोरून आत शिरायचं. नव्वदच्या दशकात पुढे एअरबॅग आल्या आणि तान्ह्या बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट पुढे ठेवणं जिवावरचं ठरलं. मागच्या बाकाची निकड खरी तेव्हा वाढली.

दार बसवायला अडचण होती ती दोन दारांमधल्या खांबाची. छताचा भार, पुढच्या दाराची कडी, सीटबेल्ट, सगळं त्याच्यावर. तोडगा असा निघाला की खांबच काढायचा, दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला लावायच्या आणि ते वर छताला, खाली तळाला अडकवायचं. म्हणून आधी पुढचं दार उघडावं लागतं, मगच मागचं. पार्किंगच्या अरुंद जागेत दोन्ही दारं उघडली की पिशव्या घेतलेला माणूस मधल्या कोंडीत सापडतो, ते वेगळंच.

१९९६ च्या मॉडेलात शेव्हरोलेने मोठ्या पिकअपला प्रवाशाच्या बाजूला तिसरं दार दिलं; १९९७ च्या एफ-१५० सुपरकॅबला फोर्डने ते सरसकट बसवलं. मग ड्रायव्हरच्या बाजूला का नको? याचा धडा क्रायस्लरच्या मिनीव्हॅनने आधीच दिला होता: १९९६ पासून तिला दोन्ही बाजूंना सरकती दारं मिळत होती. त्याच घरच्या डॉजने १९९८ मध्ये ‘क्वाड कॅब’ला चौथं दार दिलं. फोर्डने वर्षभरात गाठलं. शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सची १९९९ ची कोरी करकरीत पिकअप ‘सिल्व्हराडो’ मात्र तीन दारांवरच उतरली. इतकी तयारी करून हे कसं सुटलं, नवलच.

२००१ मध्ये एफ-१५० ‘सुपरक्रू’ आली, चार पूर्ण दारांची. कुटुंबवाले तिकडे वळले. डॉजने २००२ मध्ये आणि सिल्व्हराडोने २०१४ मध्ये उलटी दारं सोडून सरळ उघडणारी घेतली. फोर्डच्या सुपरकॅबने मात्र २०२१ च्या नव्या पिढीतही तीच ठेवली.