प्रकाशाचा स्पिन : ‘आभासी’ हा शब्द कुठे गळला?

मिरामारला लाटा फुटतात त्याच्या बऱ्याच पलीकडे, खोल पाण्यात नांगरलेली होडी पाहावी. लाट तिच्या खालून निघून जाते, होडी मात्र जागच्या जागी एक गोल फेरा घेते. लाट उलट दिशेने आली तर फेराही उलटा. वेव्हगाइडमध्ये, म्हणजे प्रकाश नेणाऱ्या अरुंद वाटेत, कोंडलेल्या प्रकाशाचे असेच होते. त्याच्या विद्युतक्षेत्राचा काही भाग प्रवासाच्या दिशेनेही डोलतो, आणि ठरावीक जागी ते क्षेत्र गोल फिरते. कोणत्या बाजूने फिरणार, हे प्रकाश कुठे निघाला आहे त्यावर ठरते. हे फिरणे म्हणजेच प्रकाशाचा स्पिन.

वर्तुळाकार ध्रुवीकरण झालेला, म्हणजे विद्युतक्षेत्र असे गोल फिरणारा, प्रकाश वस्तूला पीळ देतो, हे १९३६ मध्ये मोजले गेले. फोटॉनिक स्फटिक, म्हणजे प्रकाशाला अडवणाऱ्या नियमित जाळीदार रचना, १९८७ चे. टोपॉलॉजी, म्हणजे रचना थोडी वाकवली-ताणली तरी न बदलणाऱ्या गुणांचे गणित, त्यांत शिरली २००८ मध्ये. पुढच्याच वर्षी चुंबकक्षेत्रात ठेवलेल्या फेराइटच्या (एका चुंबकी पदार्थाच्या) कांड्यांमधून एकाच दिशेने वाहणारी लहर दिसली, पण ती मायक्रोवेव्हची. प्रकाशाच्या वारंवारतेला पदार्थांचा चुंबकी प्रतिसाद फारच क्षीण असतो.

म्हणून २०१५ चा प्रस्ताव सर्वांना भावला. स्फटिकातला सहा कांड्यांचा षटकोन एकीकडे आवळायचा, दुसरीकडे पसरायचा. दोहोंच्या सीमेवर प्रकाशाची वाट तयार होते. चुंबक नकोच. त्या वाटेवरच्या दोन विरुद्ध अवस्थांना, इलेक्ट्रॉनच्या स्पिनवरून, नाव दिले ‘आभासी स्पिन’. गोंधळ सुरू होतो तो इथे. इलेक्ट्रॉनचा स्पिन अर्धा असल्यामुळे काळ-उलट सममिती (काळ उलटा चालवला तरी नियम तेच राहणे) त्याच्या दोन अवस्थांना एकमेकींत मिसळू देत नाही. फोटॉनला, म्हणजे प्रकाशकणाला, हे कवच नाही. इथे ते स्फटिकाच्या षट्कोनी सममितीकडून उसने घेतले आहे, आणि ती सममिती नेमकी सीमेवरच मोडते!

२०१८ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ पापुद्र्यातल्या क्वांटम डॉटने, म्हणजे एकेक फोटॉन सोडणाऱ्या सूक्ष्म ठिपक्याने, डावीकडे फिरणारा फोटॉन एका बाजूला आणि उजवीकडे फिरणारा दुसऱ्या बाजूला धाडला. प्रयोग देखणाच होता. मात्र त्यानंतर लिहिताना ‘आभासी’ शब्द गळत गेला आणि ‘स्पिन दिशा ठरवतो, टोपॉलॉजी ती राखते’ असे सरसकट छापले जाऊ लागले. मला हे पटत नाही. डॉट जिथे बसला आहे तिथे क्षेत्र कसे फिरते, यावर फोटॉनची दिशा ठरते. डॉट जाळीच्या एका घरापेक्षाही कमी सरकला तरी ती उलटू शकते. शिवाय टोपॉलॉजीचा आधार नसलेल्या वेव्हगाइडमध्येही असे दिशाबद्ध उत्सर्जन २०१५ मध्येच दाखवले गेले होते.

२०२३ मध्ये सिलिकॉनच्या व्हॅली प्रकारच्या, म्हणजे टोपॉलॉजीवरच बेतलेल्या, वेव्हगाइडमध्ये, घडणीतल्या नेहमीच्या बारीक दोषांवरून मागे उसळणारा प्रकाश मोजला गेला. टोपॉलॉजी दिशा राखत असती तर तो नगण्य हवा होता; तो भरपूर निघाला.