स्टॉल सावरताना आधी नाक खाली, मग थ्रॉटल

होळकर संस्थानानं १९३५ साली टाटांच्या नेव्हिल विन्सेंट यांच्याशी सल्लामसलत करून इंदूरच्या बिजासनजवळची जागा विमानतळासाठी निवडली. आज इंदूरच्या मराठी घरांतली मुलंही पायलट व्हायला निघतात आणि सुरुवातीच्या धड्यांतच त्यांची स्टॉलशी गाठ पडते. वाऱ्याशी पंखाचा कोन फार वाढला, साधारण पंधरा-सोळा अंशांपुढे गेला, की उचल ढासळते; हाच स्टॉल. इंजिन उत्तम चालू असलं तरी.

यातून सुटायचं कसं, हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑगस्ट १९१२ मध्ये इंग्लंडात वैमानिक विल्फ्रेड पार्क यांचं विमान गरगरत कोसळू लागलं; स्टॉलमधून येणारी ही गिरकी म्हणजे स्पिन. नाक वर-खाली करणारी स्टिक पोटाशी ओढून काही होईना. शेवटी त्यांनी गिरकीच्या उलट बाजूचा रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबला आणि जमीन जेमतेम पन्नास फुटांवर असताना विमान सावरलं.

अमेरिकेनं १९४९ मध्ये खासगी पायलटच्या परीक्षेतून स्पिन काढून टाकला. भर स्टॉल ओळखण्यावर आणि टाळण्यावर आला, ते ठीकच. पण पुढं परीक्षक बघू लागले ते उंची किती कमी गेली हे. मग विद्यार्थी विमानाचं नाक वरच धरून ठेवायचा आणि पूर्ण पॉवर द्यायचा. माझ्या मते खरी खोड इथंच लागली. गुण उंचीला मिळत असतील तर नाक खाली घालायला हात धजावणार कसा?

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोजवळ कोल्गन एअर या विमान कंपनीच्या कॅप्टननं स्टॉलचा इशारा मिळताच स्टिक मागं ओढली; ५० जण गेले. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्स ४४७ अटलांटिकमध्ये पडलं. सुमारे ३८,००० फुटांवरून कोसळताना बहुतेक वेळ नाक वर ओढलेलंच होतं; २२८ मृत्यू. २०१२ मध्ये अमेरिकी नियामकानं क्रम स्पष्ट केला: आधी कोन कमी करा, पॉवर नंतर गरजेपुरती. पंखाखाली इंजिनं असलेल्या विमानात एकदम पॉवर दिली तर नाक आणखी वर जातं, हेही कारण होतंच.

ब्रिटिश वळणाच्या अभ्यासक्रमात एक शहाणपणाची रीत जुनीच आहे. पहिल्यांदा पॉवर न देता सावरायचं, मग पॉवर देऊन, आणि दोन्ही वेळा गेलेली उंची ताडून पाहायची. स्टॉल कशानं मोडला, हे हाताला तेव्हाच कळतं. त्यासाठी उंची मात्र भरपूर हवी. इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. जमिनीपासून ३,००० फूट हवे असतील तर समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेल्या अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) ४,८५० दिसल्याशिवाय सराव सुरू करू नये.